दाढीचा कुंचला

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी इंग्लंडाहून आला, तो भेटीदाखल एक लहानशी पेटी घेऊन आला. पेटींत दाढीचा ब्रश होता. मूठ हस्तिदंती रंगाची. केस मुळाशीं पांढरट, मध्यें काळे व शेंड्यास पुन्हां पांढरे. "सर, हा खऱ्या बॅजरच्या केसांचा आहे. यापेक्षां वरची जात नाहीं," असें त्यानें मोठ्या प्रेमानें सांगितलें. आम्हीं तो हातांत घेऊन गालावरून फिरवून पाहिला. स्पर्श खरोखरच मऊ होता. परंतु त्याच वेळीं आमच्या आजीचा एक जुना प्रश्न आम्हांस आठवला, आणि हा ब्रश वापरावा कीं न वापरावा या विचारांत आम्ही पडलों. त्या विचाराच्या पाठीमागें लागून जी माहिती गोळा झाली ती येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. राजेरजवाड्यांच्या लढायांपुढें दाढीच्या ब्रशाचा इतिहास तो काय, असें कोणी म्हणेल. पण लढाई माणसाच्या आयुष्यांत एखादे वेळीं येते. दाढी रोज सकाळीं येते.

प्रथम शब्दच पाहूं. संस्कृतांत 'कूर्च' म्हणजे दर्भाची जुडी, कुंचा. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दाढी. मराठींतील कुंचा, कुंचला हे शब्द त्याच घराण्यांतले. फ्रेंच भाषेची गंमत निराळी. तींत 'ब्लेरो' हा एकच शब्द बॅजर या प्राण्यास लावतात व दाढीच्या ब्रशासही लावतात. आमच्याकडे दाढीलाच कुंचला म्हटलें, फ्रेंचांनीं जनावरालाच कुंचला म्हटलें. या एवढ्या भेदांत पुढील सर्व कथा सांठविलेली आहे.

आमच्या देशांत श्मश्रूचीं जुनीं वर्णनें पुष्कळ आहेत. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडांत क्षौरविधीचें एक छोटें सूक्त आहे. त्यांत सविता वस्तरा घेऊन आला आहे, वायूला ऊन पाणी घेऊन येण्याविषयीं विनविलें आहे, आणि आदित्य, रुद्र व वसु यांनीं केस भिजवावे अशी प्रार्थना आहे. वात्स्यायनानें कामसूत्रांत नागरकाची दिनचर्या सांगतांना तिसऱ्या दिवशीं 'फेनक' वापरावा आणि चौथ्या दिवशीं श्मश्रु करावी असें सांगितलें आहे. फेनक म्हणजे फेंस देणारा, अंगास चोळावयाचा पदार्थ. पुढें संतवाङ्मयांत सेना न्हावी यांचा तो प्रसिद्ध अभंग येतो. आपल्या धंद्याचींच हत्यारें घेऊन सेना महाराज परमार्थ सांगतात. आरसा तो विवेकाचा, चिमटा वैराग्याचा, डोक्यावर चोळावयाचें पाणी तें शांतीचें. नखें काढण्याचीही आठवण त्यांनीं ठेविली आहे. वस्तरा, ऊन पाणी, फेंस, आरसा, चिमटा, सर्व कांहीं या वर्णनांत आहे; कुंचला मात्र कोठेंही नाहीं.

तो नव्हता, कारण त्याची गरज नव्हती. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. परंतु दोन-तीन मिनिटें ऊन पाणी मिळालें कीं तो पाणी पिऊन फुगतो, मऊ पडतो आणि वस्तऱ्यास सहज वश होतो. वरून साबण असेल तर केसावरील तेलकटपणा जातो, पाणी लवकर वाळत नाहीं व पातें घसरतें. दाढीचें सारें शास्त्र एवढेंच. केसांत पाणी मुरविण्याचें हें काम युरोपांत ब्रश करूं लागला. आमच्याकडे तें न्हाव्याचीं बोटें करीत.

आमच्या बुलढाणे जिल्ह्यास तर या बाबतींत विशेष अभिमान बाळगण्यास जागा आहे. मेहकराजवळचें लोणार सरोवर उल्कापातानें झालेल्या विवराबद्दल आज जगप्रसिद्ध आहे. २०२० सालीं तें रामसर स्थळांच्या यादींत गेलें. पण अकबराच्या काळीं त्याची कीर्ति दुसऱ्याच कारणासाठीं होती. अबुल फजलानें 'ऐन-इ-अकबरी'मध्यें वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना या ठिकाणाचें पावित्र्य सांगून लगेच लिहिलें आहे कीं, कांच व साबण करण्यास लागणारें सर्व सामान येथील डोंगरांत मिळतें. हें सामान म्हणजे सरोवराचा खार. उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं कांठावर खाराचे थर धरत. त्यांतल्या निरनिराळ्या जातींस दल्ला, पापडी, भुस्की अशीं नांवें होतीं, आणि बांगड्यांची कांच, साबण व पापड यांसाठीं तो खार दूरवर जाई. आतां तो उपसा बंद आहे व सरोवर अभयारण्य झालें आहे. तथापि फेंसाचें मूळ द्रव्य आमच्या उंबरठ्याशीं होतें, एवढें खरें.

गांवगाड्यांत न्हावी, ज्यांस वारीकही म्हणत आणि ज्यांचे वंशज आज स्वतःस नाभिक म्हणवितात, बारा बलुतेदारांपैकीं एक होता. सुगींत खळ्यावर त्याचें ज्वारीचें बलुतें ठरलेलें असे, आणि त्याबद्दल वर्षभर तो घरोघर जाऊन श्मश्रु करी. आमच्या लहानपणीं मेहकरास आमच्या घरीं असे एक वृद्ध गृहस्थ येत. ओट्यावर पोतें अंथरून ते धोकटी सोडीत. धोकटींत वस्तरा, कात्री, नखें काढावयाची नराणी, आरसा व पितळी वाटी एवढाच संसार. वाटींतील ऊन पाण्यांत बोटें बुडवून ते गालावर, हनुवटीखालीं इतका वेळ चोळीत कीं समोर बसलेल्याचे डोळे मिटावे. कोणत्या बाजूस केस उभा आहे, कोठें भोंवरा आहे, कोठें फोड आहे, हें सर्व त्यांच्या बोटांस वस्तरा लावण्याआधींच कळलेलें असे. ही ओळख कोणत्याही केसाच्या ब्रशास होत नाहीं.

परंतु या हाताची स्तुति करून थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. हा हात सर्वांस मिळत नव्हता. डॉ. आंबेडकर यांनीं आपल्या इंग्रजी आठवणींत साताऱ्याची हकीकत लिहून ठेविली आहे. गांवांत न्हावी पुष्कळ होते व त्यांस देण्यास घरांत पैसाही होता. पण अस्पृश्याची हजामत करण्यास एकही न्हावी तयार नव्हता. म्हणून घरांतील मुलांचे केस थोरली बहीण कापी, आणि कापतां कापतां त्या कामांत ती तरबेज झाली. ओट्यावर बसून त्या ऊन पाण्याचें सुख घेणाऱ्या आमच्यासारख्या घरांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं; त्याविषयीं कोणी बोलत नसे एवढेंच.

आणि ज्यांस हा हात नको होता, त्यांच्यावर तो लादलाही जाई. आमच्या पणजीस ऐन तारुण्यांत वैधव्य आलें. त्या काळच्या उच्चवर्णीय घरांतील रीतीप्रमाणें तिचें केशवपन झालें, व पुढें मरेपर्यंत ठराविक दिवसांनीं होत राहिलें. तोच न्हावी, तीच धोकटी, तोच वस्तरा. फक्त पुढच्या ओट्याऐवजीं मागचें दार. तो दिवस आला कीं आजोबा, ते तेव्हां शाळकरी होते, घराबाहेर निघून जात आणि दिवेलागणीस परतत, असें वडील सांगत असत.

आजोबा पुढें नागपुरास मॉरिस कॉलेजांत शिकले आणि वकील होऊन १९३४ च्या सुमारास मेहकरास परत आले. येतांना त्यांनीं घडीचा सेफ्टी रेझर, साबणाची वडी आणि एक दाढीचा ब्रश आणला. त्या दिवसापासून ते आपली दाढी आपण करूं लागले. गांवांत लोक म्हणाले, वकीलसाहेबांस साहेबी आली. खरें कारण त्यांनीं फक्त आमच्या वडिलांस पुष्कळ वर्षांनीं सांगितलें. ज्या वस्तऱ्यानें आईचें डोकें भादरलें जात होतें, त्या वस्त्र्यापुढें मान देऊन बसणें त्यांच्यानें होईना.

त्यांनीं आणलेलीं हीं तीन साधनें मेहकरापर्यंत कशीं पोंचलीं, हेंही पाहण्यासारखें आहे. ब्रशाचा प्रसार अठराव्या शतकांत फ्रान्सांतून झाला. तेथेंच झां-झाक पेरे या कारागिरानें १७६२ च्या सुमारास त्वचा कापूं नये म्हणून पात्यास लांकडी आड लावण्याची युक्ति काढली. तिला खरें यश अमेरिकेंत जिलेट यानें दिलें. फेकून द्यावयाच्या पातळ पात्याचा रेझर त्यानें १९०३ सालीं विक्रीस काढला, तेव्हां पहिल्या वर्षीं अवघे ५१ रेझर खपले. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें आपल्या सैनिकांस लाखांनीं रेझर दिले, आणि स्वतःची दाढी स्वतः करण्याची संवय घेऊन ते घरीं परतले. आमच्या जिल्ह्यांत आगगाडी मलकापूर, शेगांवावरून १८६७ सालीं नागपुरापर्यंत गेली होती, आणि कापसासाठीं काढलेला खामगांवचा फांटा १८७० सालीं लॉर्ड मेयो याच्या हस्तें सुरू झाला होता. कापूस घेऊन जाणारी गाडी येतांना विलायती किरकोळ माल आणी. साबणाची अडचण निराळी होती. विलायती साबणांत जनावराची चरबी असते म्हणून सोंवळ्याच्या घरांत तो चालत नसे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास आर्देशीर गोदरेज यांनीं वनस्पति-तेलाचा साबण बाजारांत आणला आणि ती अडचण दूर झाली. उरला ब्रश.

ब्रश आमच्या आजीच्या दृष्टीस पडला तेव्हां तिनें तो हातींही धरला नाहीं. तिनें विचारलें, "अहो, हे केस कोणाच्या अंगचे, तें आधीं सांगा." आजोबांनीं मुठीवरील इंग्रजी अक्षरें दाखविलीं: 'शुद्ध बॅजर'. बॅजर म्हणजे काय हें आजीस ठाऊक नव्हतें, आणि खरें पाहतां आजोबांनाही नव्हतें. शेवटीं ब्रशास न्हाणीच्या बाहेरच्या देवळींत जागा मिळाली. घरांत तो कधींही आला नाहीं. आम्ही पुष्कळ वर्षें ही गोष्ट आजीच्या भाबडेपणाचा नमुना म्हणून सांगत होतों. आतां सांगत नाहीं.

कारण आजीचा प्रश्न त्यापूर्वीं कांहीं वर्षें युरोप-अमेरिकेंतील डॉक्टरांसही पडला होता. १९१४ पूर्वीं ब्रशासाठीं लागणारा रशियाकडील केस जर्मनींत शुद्ध होऊन बाहेर जाई. युद्ध सुरू झालें, तो रस्ता बंद झाला, बॅजरचा केस दुर्मिळ झाला. मग आशियांतून आलेला घोड्याचा केस रंगवून बॅजरसारखा दिसेल असा केला गेला. त्यांतील कांहीं केस रोगी जनावरांचे होते व निर्जंतुक केलेले नव्हते. दाढी करतांना झालेल्या बारीक जखमेंतून अँथ्रॅक्स, ज्यास आमच्याकडे शेतकरी फाशी म्हणतात तो गुरांचा भयंकर रोग, माणसाच्या अंगांत शिरूं लागला. १९१५ पासून दहा वर्षांत अशा दोनशेंहून अधिक रोग्यांची नोंद अमेरिका व इंग्लंड येथें झाली. त्यांत सैनिक पुष्कळ होते. इंग्लंडानें १९२० सालीं जपानी ब्रशांच्या आयातीस बंदी केली. या सर्व प्रकरणाचा २०१७ सालीं पुन्हां अभ्यास झाला, तेव्हां जुने, निर्जंतुक न केलेले केसाळ ब्रश हौसेनें वापरूं नयेत असा इशारा त्या अभ्यासकांनीं दिला. आजोबांचा ब्रश अजून आमच्या पेटाऱ्यांत आहे. तो आम्ही पाहतों, वापरीत नाहीं.

आतां बाजारांत गेलेल्या वाचकास कोणते ब्रश दिसतील तें सांगतों. बॅजरचा केस शेंड्याकडे निमुळता असतो व पाणी पुष्कळ धरतो, म्हणून त्याचा फेंस दाट व मऊ. विक्रेते त्याच्या 'प्युअर', 'बेस्ट', 'सिल्व्हरटिप' अशा चढत्या जाती सांगतात. पण या नांवांस सर्वमान्य असें माप नाहीं, एकाचा 'बेस्ट' तो दुसऱ्याचा 'प्युअर' असूं शकतो. डुकराचा केस राठ व ताठ. तो वापरण्यापूर्वीं कांहीं मिनिटें ऊन पाण्यांत ठेवावा लागतो, आणि कांहीं आठवडे वापरल्यावर त्याचीं टोकें फाटून मऊ पडतात. मात्र हा केस हिंदु व मुसलमान दोघांच्याही घरांत अनेकांस चालत नाहीं. घोड्याचा केस या दोहोंच्या मधला. चौथा प्रकार कृत्रिम तंतूंचा. पूर्वीचे नायलॉनचे ब्रश झाडूसारखे टोचत, परंतु हल्लींचे तंतु बारीक, मऊ व शेंड्याकडे निमुळते होतात. त्यांस भिजत ठेवावें लागत नाहीं, आणि ते लवकर वाळतात. कोणताही ब्रश घेतांना तळहातावर दाबून पाहावा. तो दबून पुन्हां उभा राहिला पाहिजे आणि हलकेंच ओढल्यानें केस सुटतां कामा नयेत. आमच्याकडे विहिरींचें पाणी जड, साबणास लवकर फेंस येत नाहीं. तेथें उंची केसापेक्षां साबणावर ब्रश अर्धें मिनिट जास्त फिरविणें अधिक उपयोगाचें. वापरून झाल्यावर ब्रश धुवून, झटकून, उघड्यावर वाळवावा.

आतां बॅजरचें काय? हा युरोपांत व आशियाच्या उत्तर भागांत बिळें करून राहणारा निशाचर प्राणी. त्याच्या संरक्षणासाठीं इंग्लंडांत १९७३ सालीं खास कायदा झाला. ब्रशाचा केस आज मुख्यतः चीनमधून येतो. तेथें बॅजर कसे पकडतात, कोंडतात व मारतात याच्या चित्रफिती २०१८ सालीं बाहेर आल्या, तेव्हां कांहीं मोठ्या कंपन्यांनीं तो केस वापरणें सोडून दिलें. आम्ही भारतीयांनीं यावरून दुसऱ्यांकडे बोट दाखवूं नये. उत्तर प्रदेशांत बिजनौर जिल्ह्यांतील शेरकोट हें कुंचल्यांच्या धंद्याचें गांव आहे. चित्रकारांच्या बारीक कुंचल्यांसाठीं मुंगसाचा केस कायदा मोडून वापरला जातो म्हणून २०१९ सालीं सरकारच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोला देशांत अनेक ठिकाणीं छापे घालावे लागले, त्यांत तें गांवही होतें. ज्या मुंगसाचें दर्शन आम्ही शुभ मानतों, त्याच्याच केसांनीं आम्हीं चित्रें रंगविलीं.

या सर्व इतिहासाकडे पाहतां आम्हांस सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट ब्रशाची नव्हे, रेझराचीही नव्हे. आजोबांनीं ब्रश आणला, आणि त्या वस्तऱ्यापासून स्वतःस सोडवून घेतलें. त्यांच्या मनास झालेलें दुःख खरें होतें यांत संशय नाहीं. परंतु न्हाणीच्या देवळींत ब्रश आला म्हणून मागच्या दाराची धोकटी थांबली नाहीं. पणजीचें केशवपन त्यापुढेंही वर्षानुवर्षें चालूच राहिलें. घरांत कायदा जाणणारा एकच मनुष्य होता, तो स्वच्छ दाढी करून कचेरींत जाई. उलट मुंबईस १८९० च्या सुमारास, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिकांनीं सभा भरविली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवावयाचा नाहीं असा निश्चय केला. ते शिकलेले नव्हते. ज्या कामावर त्यांचें पोट होतें त्याच कामास त्यांनीं नकार दिला. ज्या हातानें अस्पृश्यास नकार देऊन अन्याय केला, त्याच धंद्यांतील हातांनीं येथें नकार देऊन न्याय केला. शिकलेल्या मनुष्यानें नवें साधन विकत घेऊन आपल्यापुरती वाट काढली. अशिक्षितांनीं जुनें साधन खालीं ठेवलें. या दोहोंत सुधारणा कोणती, हें निराळें सांगावयास नको. आजोबांविषयीं आमच्या मनांत असलेला आदर यानें कमी होत नाहीं. पण आपणही त्यांचेच नातू आहों, हें मात्र वारंवार ध्यानांत येतें.

विद्यार्थ्यानें दिलेला ब्रश आम्हीं आजोबांच्या ब्रशाशेजारीं पेटाऱ्यांत ठेविला आहे. त्यास पत्र लिहून कळविलें कीं, तुझें प्रेम पोंचलें. ब्रश उत्तम आहे, पण त्याच्या केसांविषयीं आमच्या आजीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां येत नाहीं, तूं तेथें चौकशी करून पाहा. त्याचें उत्तर आलें कीं, सर, दुकानदारासही तें सांगतां आलें नाहीं.

खामगांवच्या बाजारांतून घेतलेला कृत्रिम तंतूंचा एक साधा ब्रश आम्ही हल्लीं वापरतों. तोही नसेल त्या दिवशीं ऊन पाणी आणि स्वतःचीं बोटें पुरतात. फक्त दोन-तीन मिनिटें धीर धरावा लागतो. ज्यास उंची ब्रश घ्यावयाचा असेल त्यानें खुशाल घ्यावा. पण पैसे देण्यापूर्वीं, हे केस कोणाच्या अंगचे, एवढें दुकानदारास विचारावें. आमच्या घरांत हा प्रश्न एका निरक्षर बाईनें ब्रशाविषयीं विचारला; मागच्या दाराशीं पडणाऱ्या केसांविषयीं तो कोणीच विचारला नाहीं.